परीक्षा कोणत्या द्याव्यात आणि केव्हा?



तुमच्यापैकी जे अकरावीच्या विज्ञान शाखेत आहेत किंवा लवकरच जाणार आहेत, त्यांना एक प्रश्न विचारतो. बारावीच्या वर्षात तुम्ही प्रवेशपरीक्षा किती देणार? अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या मुलांना हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सगळ्या." सीईटीचे दोन्ही गट, जेईई, नीट आणि आणखी जे जे निघेल ते! कारण विचारावे तर म्हणतात, "एखादी तरी लागेल."

समुद्रावर जाणारा माणूस असे कधी म्हणत नाही. पापलेट धरायच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, वेगळा आणि कोळंबीच्या जाळ्याचा वेगळा. सगळी जाळी एका होडीत भरून निघाले तर जाळ्यांच्याच वजनाने होडी जड होते. माझे मत असे, की बहुतेक मुलांनी दोन परीक्षा द्याव्यात. ज्यांना काही खास शिकायचे आहे त्यांनी तीन. त्याहून अधिक देणे म्हणजे कष्टाळूपणा नव्हे, तर आपल्याला काय शिकायचे आहे हे न ठरवण्याचा एक महागडा मार्ग आहे.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. रोह्याकडे वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. त्या काळी मॅट्रिक हेच कॉलेजचे एकमेव दार होते. ते उघडले की झाले. ऐंशीच्या दशकातही इंजिनियरिंग आणि मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. पुढे महाराष्ट्रात सामाईक प्रवेशपरीक्षा आली, ती आधी मेडिकलला आणि मग २००४ पासून इंजिनियरिंगला. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्याने इंजिनियरिंगसाठी जेईईचे गुण धरले आणि २०१६ साली पुन्हा आपल्या सीईटीकडे वळले. मेडिकलची नीट २०१३ साली आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेली आणि २०१६ साली परत आली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी सुरू झाली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की थोरल्या भावाच्या किंवा शेजारच्या ताईच्या वेळचे नियम तुमच्या वेळी असतीलच असे नाही. मी खाली जे आकडे देतो आहे ते २०२५ सालच्या पद्धतीचे आहेत. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कोणी सांगितले म्हणून भरू नका.

आता या परीक्षा खरोखर एकमेकींसारख्या आहेत का, ते पाहू. त्यासाठी पाठ्यपुस्तक नको, साधा भागाकार पुरे.

सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न दुसऱ्या ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद, आणि प्रत्येक प्रश्नाला २ गुण. नीटमध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत, म्हणजे बरोबर एकेक मिनिट. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न तीन तासांत, म्हणजे १४४ सेकंद. आणि आयसर या संस्थांची जी अभिवृत्ती चाचणी असते, तिच्यात तीन तासांत केवळ ६० प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण तीन मिनिटे. तिच्यात भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात.

या आकड्यांकडे नीट बघा. ५४ सेकंदांच्या प्रश्नात विचार करायला जागा नसते. तेथे सूत्र आठवले, किमती घातल्या, उत्तर आले, पुढे गेले, असे चालते. ते काम हलके नाही. त्याला पुस्तक पाठ नव्हे पण हाताखालचे असावे लागते आणि चूक न करण्याची सवय लागते. १८० सेकंदांच्या प्रश्नात मात्र तुम्हाला आधी कागदावर आकृती काढावी लागते, एक वाट चालून पाहावी लागते आणि ती बंद निघाली तर मागे फिरावे लागते. पहिली परीक्षा शंभर मीटर धावण्याची आहे, तर दुसरी कर्नाळ्याचा किल्ला चढण्याची. एकाच वर्षी, एकाच महिन्यात, दोन्हींचा सराव करणारा खेळाडू तुम्ही पाहिला आहे का?

अभ्यासक्रमही एक नाही. सीईटी ही राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते. तिच्यात साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. जेईई आणि नीट यांना अकरावी-बारावी दोन्ही सारखीच महत्त्वाची, आणि त्यांचे पुस्तक एनसीईआरटीचे. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, तेव्हा जीवशास्त्र ज्याला कंटाळवाणे वाटते त्याने "बघू तरी" म्हणून नीटला बसणे म्हणजे निम्मी परीक्षा आधीच सोडून देणे होय.

गुणांची रीतही वेगळी आहे आणि त्यात एक मौजेचे गणित दडलेले आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हा शुद्ध तोटा आहे. शेवटची दोन मिनिटे राहिली की उरलेल्या सर्व प्रश्नांना काही ना काही उत्तर नोंदवून टाकावे. चार पर्याय असल्यामुळे दर चार अंदाजांमागे सरासरीने एक बरोबर येतोच. नीटमध्ये आणि जेईईच्या पर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. "मग अंदाजच करू नये," असे पुष्कळ जण सांगतात. खरे आहे का? हिशेब करू. चारपैकी एकदा ४ मिळणार आणि तीनदा एकेक जाणार, म्हणजे चार प्रश्नांत ४ वजा ३, एकूण १ गुण फायदा. एका प्रश्नामागे पाव गुण. म्हणजे अगदी आंधळा अंदाजसुद्धा सरासरीने तोट्याचा नाही! एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले तर तीनांतून निवड उरते आणि फायदा पाऊण गुणाच्या जरा खाली, म्हणजे दोन तृतीयांश गुण होतो. दोनच पर्याय उरले तर दीड गुण.

परंतु "सरासरीने" या शब्दाला जपा. समजा १०० मुलांनी प्रत्येकी २० प्रश्नांवर आंधळा अंदाज केला. संभाव्यतेच्या नियमाने त्यातील सुमारे ५८ जणांचा फायदा होईल, १९ जण जेथल्या तेथे राहतील आणि २२-२३ जणांचे गुण कमी होतील. सरासरी फायदा ५ गुणांचा, पण त्याभोवतीचा चढउतार जवळजवळ १० गुणांचा. तुम्ही त्या २२ जणांत असाल की ५८ जणांत, हे गणित सांगत नाही. तेव्हा आंधळा अंदाज ही सोरट आहे, आणि एक-दोन पर्याय खोडून केलेला अंदाज ही विद्या आहे. घरी सराव करताना "मला उत्तर आले नाही" एवढेच न लिहिता "मला किती पर्याय खोडता आले" हेही वहीत लिहीत जा. महिन्याभरात फरक दिसेल.

यानंतर येतो पर्सेंटाइल. या शब्दाने पालकांना जितके छळले आहे तितके दुसऱ्या कशाने नसेल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटी आणि जेईई एका दिवसात होत नाहीत. अनेक दिवस, अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होतात. एखादी प्रश्नपत्रिका अवघड निघते, एखादी सोपी. मग दोन सत्रांतील मुलांची तुलना कशी करायची?

हीच अडचण अलिबागच्या एका प्रसिद्ध संस्थेपुढे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आली होती. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकी उपकरणे बिघडणार हे उघड झाले. म्हणून वेधशाळेचे चुंबकी काम अलिबागला हलवण्याचे ठरले. डॉ. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. आता जागा बदलली की आकडे बदलणार. मग कुलाब्याची साठ वर्षांची नोंद आणि अलिबागची नवी नोंद जोडायची कशी? तर १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली आणि दोहोंमधील फरक नक्की केला. म्हणूनच ती मालिका आजही अखंड मानली जाते. अलिबागची वेधशाळा तुमच्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिली असेल.

दोन मोजपट्ट्या जोडायच्या तर दोन्हींनी एकच वस्तू मोजून पाहावी लागते. परीक्षेत ते शक्य नाही, कारण एक मुलगा दोन सत्रांना बसत नाही. मग दुसरी युक्ती योजतात. प्रत्येक सत्रात हजारो मुले आहेत आणि ती सत्रांत कोणताही भेदभाव न करता वाटलेली आहेत, तेव्हा सगळ्या सत्रांतील मुलांची एकंदर तयारी सारखीच असणार, असे गृहीत धरतात. मग तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारी मुले शेकडा किती, एवढेच मोजतात. समजा तुमच्या सत्रात १५,००० मुले होती, तुम्हाला २०० पैकी १२० गुण मिळाले आणि १४,२५० मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी होते. १४,२५० भागिले १५,०००, गुणिले १००, उत्तर ९५. तुमचे टक्के ६० आहेत, पण पर्सेंटाइल ९५. दुसऱ्या अवघड सत्रात १०४ गुण मिळवणाऱ्या मुलीलाही ९५ येऊ शकतील. यात अन्याय नाही.

निकालपत्रावर हा आकडा दशांश चिन्हानंतर सात घरे छापतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. १५,००० मुलांच्या सत्रात एका मुलाचा वाटा ०.००६७ पर्सेंटाइलचा असतो. म्हणजे तिसऱ्या घराच्या पुढचे आकडे तुमच्या ज्ञानाविषयी काहीही सांगत नाहीत. ते केवळ रांगेत कोणाला आधी उभे करायचे यासाठी असतात. फूटपट्टीने मोजून मिलिमीटरचा हजारावा भाग सांगण्यासारखे ते आहे. तेव्हा शेजारच्या मुलाला ९४.८१ आणि तुम्हाला ९४.६३ मिळाले म्हणून जेवण टाकू नका.

आणखी एक. जेईईत ८५ आणि सीईटीत ९३ पर्सेंटाइल मिळाले, की "सीईटी सोपी" असे लोक म्हणतात. तसे सिद्ध होत नाही. दोन्ही रांगांत उभी राहिलेली माणसेच वेगळी आहेत. एका रांगेत सबंध देशातील मुले आहेत, तर दुसरीत मुख्यतः महाराष्ट्रातली. वेगवेगळ्या रांगांतील क्रमांकांची वजाबाकी करता येत नाही.

एवढे समजले की निवडीकडे वळू. माझा सल्ला असा, की परीक्षेपासून सुरुवात करू नका, उलटीकडून या. आधी अभ्यासक्रम ठरवा, मग तो कोठे शिकवतात ते पाहा, आणि मग तेथे कोणते दार आहे ते पाहा. राज्यातील इंजिनियरिंग कॉलेजात जायचे असेल, अगदी आपल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, तर सीईटीचा पीसीएम गट पुरे. मेडिकलला नीटशिवाय दुसरे दार नाही. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, हे रायगडच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. फार्मसी आणि शेतीकडे जायचे असेल तर सीईटी. आपल्या किनाऱ्याला दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ जवळ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि खुद्द श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. ज्यांच्या घरी होडी किंवा वाडी आहे त्यांनी याकडे नाक मुरडू नये, असे मला फार वाटते. संशोधन करायचे असेल तर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची चाचणी द्यावी. तिच्याबद्दल आपल्याकडे फार थोडी मुले बोलताना दिसतात.

बोटीवर नोकरी करण्याची ओढ आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. त्यासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची वेगळी परीक्षा असते. तिला बारावीत भौतिक, रसायन व गणित या विषयांत मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात. म्हणजे अकरावीत "गणित जड जाते" म्हणून ते सोडणाऱ्याने हे दारही लावून घेतले. शिवाय रंगांधळेपणा असेल तर डेकवरच्या नोकरीसाठी डॉक्टर अपात्र ठरवतात. दोन वर्षे अभ्यास करण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. त्याला अर्धा तास लागतो.

काही दारांना तर परीक्षाच नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पदविका चांगल्या गुणांनी पूर्ण केली तर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. अलिबागच्या जे. एस. एम. कॉलेजात बी.एस्सी. करून पुढे आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्यासाठी जॅम नावाची परीक्षा आहे. सतराव्या वर्षी एखादी परीक्षा हुकली म्हणून विज्ञान हुकत नाही. पण ही वाट धरणाऱ्यांना बारावीच्या बोर्डाचे गुण लागतात, आणि येथेच अनेकांचा घात होतो. सीईटीच्या गुणवत्ता यादीत बोर्डाचे गुण धरत नाहीत, म्हणून बोर्डाकडे पाठ फिरवायची आणि कॉलेजात नावापुरते राहून दिवसभर क्लासला बसायचे, अशी रीत पडली आहे. ती मला मुळीच पटत नाही. इंजिनियरिंगला बारावीत ठराविक विषयांत ४५ टक्के लागतातच (राखीव गटांना ४०). आयआयटी किंवा एनआयटीत जायचे तर बारावीत ७५ टक्के तरी हवेत किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. आणि टायट्रेशन करताना ब्युरेट कसे धरायचे हे क्लासच्या फळ्यावर शिकता येत नाही.

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत का? मला विचाराल तर ज्याला खरोखर दोन्ही आवडतात त्याने जरूर घ्यावेत. जगातले नवे जीवशास्त्र गणितावाचून चालत नाही. परंतु "दोन्ही दारे उघडी राहावीत" एवढ्यासाठीच घेणार असाल, तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत निर्णय करा. बारावीच्या दिवाळीनंतर तो निर्णय तुमच्यासाठी वेळच करून टाकते.

आता वेळापत्रक. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या आणि लाल पेन्सिलीने खुणा करा. जानेवारीत जेईई मेनचे पहिले सत्र, मग बोर्डाची प्रात्यक्षिके, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची लेखी परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र आणि सीईटी, आणि मेच्या आरंभी नीट. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मेच्या पहिल्याच रविवारी झाली. म्हणजे बोर्डाचा शेवटचा पेपर आणि नीट यांच्यामध्ये सहाएक आठवडे मिळतात. याच सहा आठवड्यांत जो सीईटीचे दोन गट, जेईई आणि नीट कोंबतो, त्याच्या वाट्याला उजळणीचे सलग आठ दिवससुद्धा येत नाहीत. जेईई २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि चांगला निकाल धरतात. मात्र ज्याला राज्यातच शिकायचे आहे त्याने जानेवारीचे सत्र "सरावासाठी" देऊ नये. त्या वेळी तुमचा बारावीचा अभ्यास पुरा झालेला नसतो, आणि कमी गुण आले की बोर्डाच्या तोंडावर मन खचते. सराव घरी घड्याळ लावून फुकट होतो.

सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी गटांची परीक्षाही २०२६ पासून एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचे जाहीर झाले. आजारी पडणाऱ्या मुलाला यात दिलासा आहे, हे मान्य. पण विचार करा. सगळेच दोनदा बसले आणि प्रत्येकाचा चांगला निकाल धरला, तर सगळ्यांचेच आकडे थोडे वर सरकतील आणि रांग फारशी हलणार नाही. तोटा होईल तो फक्त दुसऱ्यांदा बसू न शकणाऱ्याचा. आणि तो कोण असेल? ज्याला केंद्र लांब पडते तो.

हे लांब पडणे म्हणजे काय, ते मुंबईच्या मुलांना सांगून कळणार नाही. सकाळच्या सत्राचा पेपर नऊला सुरू होतो आणि त्याच्या बराच आधी केंद्रावर हजर व्हावे लागते. अलिबागहून पनवेल सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे निघाले तर जमते. श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव करीत पनवेल दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. आगरदांडा ते दिघी या तरीने खाडी ओलांडली तर मुरूडची बाजू जवळ येते खरी, पण तरीच्या वेळा परीक्षेच्या वेळा पाहून ठरत नाहीत. म्हणून दक्षिण रायगडच्या मुलांनी सकाळचे सत्र आले तर आदल्या दिवशीच पोहोचावे आणि नातेवाइकाकडे राहण्याची सोय महिनाभर आधी करून ठेवावी. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि आंब्याचे दिवस, आयत्या वेळी गाडीही मिळत नाही. नीट दुपारी दोनला असते, तेव्हा तिला त्याच दिवशी सकाळी निघून पोहोचता येते, पण फाटक दीड वाजता बंद होते. अर्जात शहरांची पसंती विचारतात तेथे "मुंबई" लिहिण्याची हौस करू नका, जवळचे लिहा.

दोन परीक्षांमध्ये मोकळी जागा का ठेवायची, त्याचे एक उदाहरण ताजे आहे. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत दोष निघाले आणि त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेतली गेली. आदल्याच दिवशी, ४ मे रोजी, नीट होती. ज्या मुलांनी दोन्ही धरून ठेवल्या होत्या, त्यांना लागोपाठ दोन दिवस दोन निरनिराळ्या परीक्षांना बसावे लागले. आणि २०२० साल तर आपण विसरूच शकत नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन-मुरूडकडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या वर्षी साथीमुळे जेईई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि नीट १३ सप्टेंबरला झाली. कंदिलाखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला पाच परीक्षांची तयारी टिकवणे शक्य नव्हते. एक-दोन परीक्षांची टिकवता आली असती.

पैशाचेही बोलले पाहिजे. २०२५ साली खुल्या गटासाठी नीटचे शुल्क १,७०० रुपये आणि जेईईच्या एका सत्राचे मुलांसाठी १,००० रुपये होते. प्रवास आणि मुक्काम धरला तर प्रत्येक जादा परीक्षा घरच्या लोकांना किती पडते, हे तुम्ही स्वतः कागदावर मांडून आईवडिलांना दाखवा. ते तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच ते मांडणे तुमचे काम आहे.

कागदपत्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण तिच्यावर प्रवेश अडतात. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि विशेषतः जातपडताळणी यांना महिने लागतात. कोळी, आगरी, कातकरी अशा घरांतील मुलांनी हे काम अकरावीतच सुरू करावे. आधार कार्डावरचे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः जुळते का, हेही आत्ताच पाहावे. जेईई आणि नीट मराठीतून देता येतात. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात, तेव्हा मराठी घेतलीत तरी पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे करून घ्या.

आता परीक्षा घेणाऱ्यांना दोन शब्द. पर्सेंटाइलचे सगळे गणित सत्रांतली मुले सारख्या परिस्थितीत परीक्षेला बसली, या गृहीतकावर उभे आहे. चुंबकाचे माप चुकू नये म्हणून आपण सबंध वेधशाळा ट्रामपासून दूर, समुद्रापलीकडे नेली. मग रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलीचे आणि केंद्रापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाचे माप एकाच पट्टीने घेताना काही वाटू नये? खाडीच्या दक्षिणेकडच्या मुलांना आधी माणगाव, महाड, श्रीवर्धन याच पट्ट्यात जागा द्याव्यात आणि तेथे जागा संपल्यावरच पनवेलकडे पाठवावे. तसे करणे अवघड असेल, तर लांबच्या तालुक्यांतील मुलांना दुपारचे सत्र द्यावे. ते काम संगणकाच्या एका यादीत होण्यासारखे आहे, कारण प्रत्येकाचा पत्ता अर्जावर असतोच.

तोवर तुम्ही तुमच्या शाळेत एक करा. या वर्षी बारावीला असलेल्या मुलांना कोणत्या परीक्षेसाठी कोणते केंद्र आले, किती वाजता निघावे लागले आणि खर्च किती आला, हे विचारून एका वहीत नोंदवा. तालुका लिहा, किलोमीटर लिहा, नावे लिहू नका. अशा दहा-वीस शाळांच्या वह्या एकत्र आल्या तर मुख्याध्यापकांना त्या जोडून सीईटी कक्षाकडे अर्ज करता येईल, आणि त्या अर्जाला आकड्यांचा आधार असेल.